रझांची सुरुवातीची चित्रं: ‘विद्यार्थ्याची वही’?

महालकर: काल इथं चित्रकार सय्यद हैदर रझांबद्दल लिहिलेलं वाचलं, ‘रझा म्हणजे त्यांचा तो काळा गोल बिंदू. त्याआधीची चित्रं म्हणजे विद्यार्थ्याची वही. ती बघायला नागपूरहून मुंबई गाठणं हा रिकामटेकडेपणा.’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. मी गेलो होतो. दुरांतोनं जाऊन दिवसभर प्रदर्शन बघितलं, रात्रीच्या गाडीनं परत. चाळीसच्या दशकातले जलरंग होते. कागद ओला असतानाच रंग सोडलाय, कडा हव्या तिथं पसरू दिल्यात. ही तयारी एका दिवसात येत नाही. १९३९ ते १९४३ रझा आपल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते, मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट त्यानंतर. बिंदू ऐंशीच्या आसपासचा. मग मधली चाळीस वर्षं वही?

बर्डीवाला: मीच लिहिलं आणि ठाम आहे. १९४८ मध्ये श्रीनगरला फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनं ही चित्रं बघून तोंडावर सांगितलं होतं की चित्राला बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास कर. रझांना ते पटलं, १९५० ला पॅरिस गाठलं. चित्रकारालाच जे अपुरं वाटलं त्याची आपण आरती का ओवाळायची?

रामदासपेठची ताई: ‘आपल्या’ नागपूरचे कसे हो? जन्म मंडला जिल्ह्यातला. २०१६ ला गेले तेव्हा दफनही मंडल्यातच, वडिलांशेजारी. चार वर्षांवर हक्क सांगू नका.

महालकर: ताई, १९२२ साली मंडला मध्य प्रांतात होता आणि राजधानी नागपूर. तिकडचा मुलगा शिकायला इथंच आला ना?

रामदासपेठची ताई: राजधानी होती म्हणून माणूस तुमचा? त्यांचे वडील जंगल खात्यात होते. ते जंगल, ती नर्मदा मंडल्याची. तुमच्या नागपूरच्या महाल भागात नर्मदा नाही.

इतवारीकर: काहून भांडून राहिले? माझ्या शाळेत चित्रकलेच्या तासाला गणित घ्यायचे. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएटचा फॉर्म भरू दिला नाही. पन्नाशी आली तरी ते सलते. रझांचं तर शाळेत लक्षच नव्हतं. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला न् म्हटलं, याच्याकडे बघत बस. बिंदू तिथला हाय. अन् तुम्ही म्हणता सुरुवातीत काही नाही!

बर्डीवाला: तुमच्या शाळेचं वाईट झालं, पण त्यानं जलरंग चांगले ठरत नाहीत. भिंतीवरच्या ठिपक्याची गोष्ट रझांनी नंतर सांगितली.

रामदासपेठची ताई: इथं मी महालकरांच्या बाजूनं. मीही ते प्रदर्शन बघितलं, माझा दहावीतला मुलगा सोबत होता. एका चित्रापुढून हलेना. म्हणाला, ‘आई, पांढरा रंग लावलाच नाही, कागद कोरा सोडलाय.’ घरी येऊन आठवडाभर तेच करत बसला. पुस्तकातल्या फोटोत हे कधी दिसलं नव्हतं. तुम्ही मूळ चित्रं बघितलीत?

बर्डीवाला: नाही. छापील बघितली. ओल्या कागदाचं मला बोलता येणार नाही, एवढं मान्य. ‘रिकामटेकडेपणा’ मागे घेतो. बांधणीचं मागे घेत नाही.

महालकर: नका घेऊ, पण पुढच्या वेळी सोबत चला, चित्रासमोर उभे राहून भांडू. १८६३ पासून अजब बंगल्याचं संग्रहालय आहे आपल्याकडे. हे प्रदर्शन एकदा तिथं यावं, म्हणजे इतवारीकरांना गाडी धरावी लागणार नाही.

रामदासपेठची ताई: आधी मंडल्याला न्या.

महालकर: ताई, १९५६ पर्यंत मंडल्याची राजधानी नागपूरच होती.