'शेक्सपिअर इन लव्ह' पाहून तुमचं काय झालं?

अभ्यासक्रमाच्या निमित्ताने 'शेक्सपिअर इन लव्ह' (१९९८) पाहिला. १५९३ चं लंडन, लेखणी अडलेला तरुण नाटककार, पुरुषवेशात नाटक कंपनीत शिरलेली व्हायोला, आणि दोघांच्या प्रेमातून पानापानाने उभं राहणारं 'रोमिओ अँड ज्युलिएट'. खरं तर हे कथानक शेक्सपिअरला आयतंच मिळालं होतं. आर्थर ब्रूकचं दीर्घकाव्य १५६२ मध्ये, म्हणजे शेक्सपिअर जन्मायच्या आधीच छापून आलं होतं. पण ब्रूककडे मी वळले ती हा सिनेमा पाहूनच. त्याच्या काव्यात प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. नाटकात सगळा खेळ चार-पाच दिवसांत आटोपतो. ही घाई कुठून आली? सिनेमाकडे त्याचं उत्तर आहे: व्हायोलाचं लग्न ठरलेलं, जहाज सुटायच्या बेतात, दोघांच्या हाती दिवसच नाहीत. पुरावा शून्य, पण समीक्षेच्या पुस्तकांपेक्षा मला हे जास्त पटलं.

विद्यार्थिदशेत पाहिला असेल त्यांनी लिहा. परीक्षण नको, अनुभव हवा.

प्रॉम्प्टर
प्रेमकथा ठीक. मी भाळलो तो हेन्स्लोवर! सुरुवातीलाच सावकाराची माणसं त्याचे पाय शेकताहेत आणि हा पठ्ठ्या न लिहिलेल्या नाटकाच्या गल्ल्यात वाटा देऊ करतोय. हेन्स्लो खरा माणूस, रोझ नाट्यगृहाचा मालक. त्याची हिशेबाची वही आजही टिकून आहे. कुठल्या खेळाला किती गल्ला जमला, हे त्यातूनच कळतं. आणि तो सावकार! औषधविक्याची चिमुकली भूमिका मिळाल्यावर वसुली विसरून तालमीला सगळ्यांत गंभीर तोच. कॉलेजच्या नाटकात पडद्यामागे उभं राहून हे रूपांतर मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त आमचा सावकार म्हणजे सांस्कृतिक विभागाचा खजिनदार.

इतिहासवाली
माझा अर्धा सिनेमा चिडण्यात गेला. व्हायोलाचं लग्न ज्याच्याशी ठरलंय त्या लॉर्ड वेसेक्सचे व्हर्जिनियात तंबाखूचे मळे? १५९३ मध्ये? तिथली पहिली कायमची इंग्रज वसाहत, जेम्सटाउन, वसली १६०७ साली! राणी एलिझाबेथ सार्वजनिक नाट्यगृहात येऊन बसते हेही तसंच. नाटक मंडळ्या दरबारात जाऊन खेळ करायच्या. शिवाय प्लेगमुळे त्या काळात नाट्यगृहं बराच काळ बंद होती. शेक्सपिअरची स्ट्रॅटफर्डला बायको ॲन आणि तीन मुलं आहेत, हे सिनेमा लपवत नाही, पण त्यावरून घाईघाईने पुढे सरकतो. ते मात्र मला अजून खटकतं. ॲनची बाजू कोण मांडणार?

सहज
@इतिहासवाली, राणीला काही बोलायचं नाही. जेमतेम आठ मिनिटं पडद्यावर दिसून जुडी डेंच ऑस्कर घेऊन गेली.

विंगेतून
बालगंधर्व ठाऊक असलेल्या माणसाला मुलाने ज्युलिएट करण्यात काय नवल वाटणार? मला गंमत वाटली ती पुढच्या गुंत्याची. तालमीत बाई पुरुष होऊन रोमिओ करतेय, समोर मुलगा बाई होऊन ज्युलिएट. ऐन प्रयोगाच्या दिवशी त्या मुलाचा आवाज फुटतो आणि प्रेक्षकांतली व्हायोला ज्युलिएट म्हणून उभी राहते. तोवर वर्गात शेक्सपिअरचं 'ट्वेल्फ्थ नाइट' शिकताना वेशांतर ही निव्वळ सोय वाटायची. इथे तिच्या पकडलं जाण्याची भीती माझ्या पोटात आली. परीक्षेत मी वेशांतराच्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहिली. गुण बेताचेच मिळाले, तो भाग वेगळा.

एम.ए. भाग दोन
उंदीर खेळवणारा, रक्तपाताच्या प्रसंगांवर खूश होणारा, चहाडखोर पोरगा आठवतो का? तो जॉन वेब्स्टर! पहिल्यांदा पाहताना नाव कानावरून गेलं. पुढे याच वेब्स्टरने मोठेपणी लिहिलेलं नाटक 'द डचेस ऑफ माल्फी' अभ्यासाला लागलं, एकामागून एक मुडदे पडू लागले, आणि भर तासाला मला हसू फुटलं. सरांनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता.