मदत हवी आहे: पणजोबांचा १९२८ चा अर्ज

मंडळी, गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांचा एक अर्ज सापडलाय. परळच्या एका गिरणीत ते साळखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात गावी आले. संप ऑक्टोबरात मिटला, ते परत गेले, पण त्यांच्या साच्यावर, म्हणजे मागावर, दुसराच माणूस उभा. अर्ज नोव्हेंबरचा, मॅनेजरसाहेबांना.

मजकूर टाइप केलेला, इंग्रजी. पैसे देऊन कुणाकडून तरी लिहून घेतलेला असणार, कारण पणजोबांचा नुसता अंगठा आहे. साहेबांच्या पायांशी लोळण घेणारी भाषा, वाचताना कसंसंच होतं. त्यात मात्र एक वाक्य ताठ आहे: 'दोनऐवजी तीन साचेही चालवीन.' एका माणसाने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, यावरूनच तर भांडण पेटलं, आणि तेच कबूल!

आता अडचण. पाठीमागे पेन्सिलीने चार ओळी मोडीत आहेत. 'जाबर' आणि 'रु. १०' एवढंच मला लागतंय. तेव्हा भरती जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या हातात असायची आणि काम मिळवायला त्याला दस्तुरी, म्हणजे लाच द्यावी लागे, म्हणून शंका येते की हा त्याचाच हिशेब असावा. मोडी वाचणारं कुणी आहे का? फोटो पाठवतो.

दुसरं, फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कुणी गिरणी कामगारांची कागदपत्रं शोधली आहेत का? सुरुवात कुठून करू?

आजी म्हणते, त्यांना घेतलं, पण बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी. रोज पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं.