पुढची लिफ्ट कोणासाठी? बी विंगच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी, १०४: सर्व सभासदांना नमस्कार. आजपासून घरकामाच्या मावशी, पेशंटच्या केअरटेकर आणि डिलिव्हरीवाल्यांनी फक्त मागची लिफ्ट वापरावी. पुढच्या लिफ्टमध्ये आढळल्यास ५० रुपये दंड. कमिटीचा निर्णय. 🙏

साने काका, ७०३: योग्य निर्णय. सकाळी शाळेच्या वेळेला लिफ्ट मिळतच नाही. शिवाय कोण येतं, कोण जातं, काही पत्ता लागत नाही.

मीना काकू, ५०२: अहो, पण मागची लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे ना?

सेक्रेटरी, १०४: पार्ट मागवलाय काकू. तोवर जिना आहेच.

अनघा, ६०१: मी जरा सविस्तर लिहिते, कारण हा नियम थेट आमच्या घरावर येतोय. आमच्या आई अर्धांगवायूनंतर अंथरुणाला खिळल्या आहेत. सकाळी आठ ते रात्री आठ मावशी असतात. दर दोन तासांनी आईंना कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, स्पंजिंग, नळीतून खाणं, सगळं त्याच करतात. आज वॉचमननी त्यांना लिफ्टमधून उतरवलं. डायपरचा गठ्ठा आणि औषधं घेऊन त्या सहा मजले चढल्या. वर आल्या, हात धुतले आणि लगेच आईंना उठवायला गेल्या, तर हात थरथरत होते. मी धावत जाऊन दुसऱ्या बाजूने धरलं म्हणून निभावलं. ज्या हातांनी माझ्या सासूबाईंना आंघोळ घालायची, ते हात लिफ्टच्या बटणाला लागले तर आपलं काय बिघडतं, हे मला कोणीतरी सांगा.

साने काका, ७०३: अनघा, तुझ्या मावशींबद्दल कोणी काही म्हणत नाहीये गं. प्रश्न शिस्तीचा आणि सुरक्षेचा आहे.

अनघा, ६०१: काका, सुरक्षेसाठी गेटवर नोंद होते, पोलीस व्हेरिफिकेशनही झालंय. ते सगळं राहू द्या, माझी ना नाही. पण गेटमधून आत घेतलेला माणूस पुढच्या लिफ्टमध्ये धोकादायक आणि मागच्या लिफ्टमध्ये सुरक्षित, असं कसं?

रोहित, ३०१: गर्दीचं म्हणाल तर काकांचं खरं आहे, साडेसातला मीही अडकतो. पण दोनपैकी एक लिफ्ट बंद असल्यावर गर्दी होणारच. मेंटेनन्सवाल्याच्या मागे लागूया ना. आणि दंड कोणत्या ठरावाने? सर्वसाधारण सभेत हा विषय आलेलाच नाही.

श्रुती, ४०४: २०२३ मध्ये मुलुंडला मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा याच ग्रुपवर आपण सगळे किती चिडलो होतो. मग गेल्या महिन्यात ए विंगला आडनाव ऐकून भाडेकरू परत पाठवला, तेव्हा का गप्प बसलो? आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं असतं.

साने काका, ७०३: तो विषय वेगळा.

श्रुती, ४०४: मला नाही वाटत वेगळा, काका. सोबत कोण चालेल आणि कोण नाही, हेच दोन्हीकडे ठरवतोय आपण.

मीना काकू, ५०२: आपण पुण्यात राहतो. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो याच शहरात. स्वतःच्या घरचा! आपण दीडशे वर्षांनी लिफ्टवर पाटी लावतोय, मला फार वाईट वाटतं याचं. आणि एक विचारते, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका लघवीला कुठे जातात? पार्किंगमधल्या टॉयलेटला कुलूप असतं. आमच्या मावशी सकाळी सातला येतात, चार घरं करून एकला निघतात. तोवर पाणी पीत नाहीत. दोनदा जळजळ झाली म्हणून सुट्टी घेतली त्यांनी. मी आमचं वापरायला सांगते, पण त्या संकोचतात.

अनघा, ६०१: काकू, अगदी. आपल्यासाठी ही इमारत घर आहे, त्यांचं ते कामाचं ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातसुद्धा घरकाम करणाऱ्या बाईसाठी घर हे कामाचं ठिकाण धरलंय. आपल्या ऑफिसमध्ये कोणी सांगितलं की टॉयलेट फक्त मॅनेजर लोकांसाठी, तर आपण तिथे एक दिवस तरी राहू का?

रोहित, ३०१: किल्ली कोणाकडे असते?

सेक्रेटरी, १०४: माझ्याकडे. मागे नळ चोरीला गेले म्हणून कुलूप लावलं होतं. उद्यापासून वॉचमनकडे ठेवतो, साफसफाईचं बघून घेऊ. लिफ्टचं मात्र मी एकटा ठरवू शकत नाही.

अनघा, ६०१: मग रविवारी मीटिंग घ्या. तोपर्यंत सूचना मागे घ्या, दंड तर नकोच. उद्या सकाळी आठला मी स्वतः खाली येऊन मावशींना पुढच्या लिफ्टने वर नेणार आहे.

मीना काकू, ५०२: मीपण येते गं.

साने काका, ७०३: मीटिंगला माझा विरोध नोंदवून घ्या. मागची लिफ्ट दुरुस्त व्हावी, एवढ्याला माझा पाठिंबा.

सेक्रेटरी, १०४: रविवारी सकाळी साडेदहा, क्लब हाऊस. सूचना तूर्त स्थगित.