मे महिन्यात गच्चीवरचा मोगरा पिवळा पडतोय, टोमॅटोची फुलं गळताहेत (इंदूर)

गच्चीबाग_रामबाग
नमस्कार मंडळी. तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची आहे, पश्चिमेचं ऊन थेट मावळेपर्यंत. २२ कुंड्या, बहुतेक १२ इंची, काळ्या प्लास्टिकच्या. माती शेतातली काळी, त्यात थोडं कोकोपीट. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, एरवी बोअरिंगचं घालते.
सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही दुपारी सगळी झाडं माना टाकतात, म्हणून आता दुपारीही घालायला लागले आहे. मोगऱ्याची नवी पानं पिवळी येताहेत. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून पडतात. मिरचीची पानं वळली आहेत. मोहरीची पेंड भिजवून घालू का? शेडनेट कितीची घ्यावी? नौतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) तोंडावर आला आहे, त्याआधी काय करता येईल ते सांगा.

काळीमाती
आधी दुपारचं पाणी बंद करा. ४२ अंशांत पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं वर पोचवू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही झाड मलूल दिसतं. खरी परीक्षा पहाटे सहाची. तेव्हा पानं ताठ असतील तर झाड ठीक आहे. पहाटेही मान खाली असेल तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर तहान, चिखल लागून आंबूस वास आला तर मुळं कुजताहेत. दोन्हींत झाड दिसतं सारखंच, त्यामुळे माणूस पाण्यावर पाणी घालत जातो.

दुपारी चारला गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. तेच मुळांवर जातं. संध्याकाळी घालायचंच असेल तर पाइपमधलं गरम पाणी आधी सोडून द्या आणि ऊन उतरून कुंडी हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

आता काळ्या मातीचं. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. कुंडीच्या कडेशी वाकून बघा, माती आणि प्लास्टिकमध्ये बोटभर फट दिसेल. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळाच्या भोकातून वाहताना दिसतं आणि आपल्याला वाटतं पोट भरलं. मधला गोळा कोरडाच! फट मातीनेच बुजवा, काडीने चार-पाच ठिकाणी अलगद भोकं पाडा. सकाळी सात वाजायच्या आत पाणी दोन हप्त्यांत घाला: आधी अर्धा लिटर, दहा मिनिटं थांबून आणखी एक ते दीड लिटर. पहिल्या पाण्याने माती फुगते, दुसरं पाणी आत मुरतं.

वर दोन इंच आच्छादन हवंच. आपल्या माळव्यात एप्रिल-मेमध्ये गव्हाचा भुसा सहज मिळतो, सोयाबीनचाही चालतो. उसाच्या गुऱ्हाळावरचा चोथा आणलात तर आधी तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडव्याला मुंग्या येतात आणि मुंग्यांमागे पिठ्या ढेकूण. खोडाभोवती दोन इंच जागा मोकळी सोडा.

काळ्या कुंडीची पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त तापते आणि मुळं तिलाच चिकटलेली असतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, बाहेरच्या रांगेला गोणपाट गुंडाळा आणि सगळ्या विटांवर ठेवा, फरशीवर नको. माझ्या मते नेटपेक्षाही आधी हे करा.

मोहरीची पेंड जून लागेपर्यंत घालू नका. तापलेल्या, अर्धवट कोरड्या मातीत ती मुळं जाळते. कुंडी बदलणं आणि मोठी छाटणीही आता नको.

हिरवीजाळी
नेटबद्दल. भाजी आणि मिरचीला ५० टक्के सावली देणारी पुरे. ७५ टक्केवाली फर्न, मनीप्लांटसाठी. तिच्याखाली मिरची नुसती उंच वाढते, फळ धरत नाही. झाडांच्या शेंड्यांपासून निदान दोन-तीन फूट वर बांधा. नेट पानांवर टेकली की लू (उन्हाळ्यातला गरम वारा) सुटल्यावर घासून पानं फाटतात. डोक्यावर एक आणि पश्चिमेला पडद्यासारखी एक, उत्तर बाजू मोकळी, म्हणजे हवा खेळते. कडा बांबूला दुमडून तारेने बांधा. नुसत्या कोपऱ्यांना गाठ मारलीत तर पहिल्या वावटळीत कोपरे फाटतील.
मोगरा नेटखाली घेऊ नका. त्याला पाच-सहा तास ऊन लागतंच, फक्त त्याची कुंडी झाका.
टोमॅटोचा नाद आता सोडा. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही गरम राहिलं की पराग निकामी होतात, मग कुठलंही टॉनिक फूल टिकवत नाही. झाड सावलीत जगवा किंवा काढून त्या जागी भेंडी, गवार, चवळी लावा.

मोगरा_प्रेमी
मोगऱ्यासाठी एक बघून सांगा: नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा आहे का? आणि मातीवर पांढरी खपली आहे का?

गच्चीबाग_रामबाग
हो, अगदी तसंच. पांढरी खपली कुंडीच्या काठावरसुद्धा आहे.

मोगरा_प्रेमी
मग ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, पण काळी माती मुळातच अल्कधर्मी, त्यात बोअरिंगचं जड पाणी, त्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. जुनी, खालची पानं पिवळी पडली असती तर गोष्ट वेगळी. पानांच्या नुसत्या कडा करपल्या असत्या तर क्षार किंवा लू.

वरची अर्धा इंच खपलीची माती खरवडून टाका. नर्मदेच्या पाण्यावर पहिला हक्क मोगरा आणि लिंबाचा. जास्वंद, भेंडी बोअरिंगवर निभावतील. नर्मदेचं पाणी बादलीत साठवून झाकून ठेवा. आरओचं सोडलेलं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी अजिबात नको, दोन्हींत क्षार दाटलेले असतात. एसीचं पाणी चालतं, पण कोरड्या मेमध्ये ते फारसं टपकत नाही.

तात्पुरता उपाय: एक लिटर पाण्यात ३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड). आधी लिंबूसत्व विरघळवा, मग फेरस. ताजंच वापरा, तांबूस झालं की फेका. ऊन गेल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, पुढची पालवी बघा. फरशीवर उडालं तर डाग पडतो, खाली जुना कागद घाला.
बहर संपला की सुकलेल्या फुलांखाली दोन इंच शेंडा खुडा, नवी फूट येते.

काळीमाती
मिरचीचं राहिलं. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी कीड (माइट). पांढऱ्या कागदावर पान झटका, सरपटणारे ठिपके दिसतील. सकाळी पानांखालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, हा उपाय लोक फार हलक्यात घेतात. तीन दिवसांनी संध्याकाळी लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली साबणाचं पाणी, आधी एका फांदीवर मारून बघा. उन्हात तेल मारलं तर पान भाजतं. गंधक ३५ अंशांच्या वर वापरू नका आणि तेलाच्या पंधरा दिवस आगेमागेही नाही.

गच्चीबाग_रामबाग
दोन कुंड्यांची माती दगडासारखी झाली आहे, काडीही जात नाही. त्यांचं काय?

काळीमाती
सावलीत टबमध्ये ठेवा, पाणी कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत. बुडबुडे येतील, वीस मिनिटं ते अर्धा तास. वरची माती गडद झाली की काढून विटांवर निथळत ठेवा. रात्रभर टबमध्ये विसरू नका. त्यानंतरच आच्छादन घाला. कोरड्या गोळ्यावर घातलेला भुसा काही कामाचा नाही.