मदत हवी आहे: कंट्रोलमधलेच डॅफ्निया मरताहेत

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या सांडपाण्याची विषारकता तपासतेय, डॅफ्निया मॅग्ना या गोड्या पाण्यातल्या इवल्या पाणपिसवांवर. पद्धत ओईसीडी 202 ची (या चाचणीची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत): 24 तासांहून लहान पिल्लं, 48 तास, प्रत्येक तीव्रतेला पाच-पाचचे चार बीकर. बीकर हलकेच हलवल्यावर 15 सेकंदांत पोहलं नाही, की ते पिल्लू निश्चल धरायचं. (रंगीत पाण्यात ती दिसतात कुठे! खाली पांढरा कागद, वर टॉर्च.)

अडचण अशी, की ज्यात सांडपाण्याचा थेंबही नाही त्या कंट्रोलमध्येच 20 पैकी 6 गेली. चार तळाशी, दोन पृष्ठभागावर चिकटलेली. चालतात फार तर 10 टक्के, म्हणजे 2. सलग दुसऱ्यांदा असं झालंय.

पाणी नळाचंच, दोन दिवस एअर पंप लावून ठेवलेलं. पीएच 7.8, तापमान 20-21. ऑक्सिजन शेवटी 6 मिलिग्रॅम प्रति लिटर, म्हणजे गुदमरून मेली नसावीत. गेल्या महिन्यात कल्चर तपासायला वापरतात त्या पोटॅशियम डायक्रोमेट या विषावर 24 तासांचा ईसी 50 (निम्मी पिल्लं निश्चल करणारी तीव्रता) 1.1 मिलिग्रॅम प्रति लिटर आला होता, 0.6 ते 2.1 या अपेक्षित मर्यादेत बसणारा. म्हणजे तेव्हा कल्चर ठणठणीत होतं. मधल्या काळात बदललं एकच: प्रयोगशाळेत पितळी नळ बसवले. तांबं उतरत असेल का? की पिपेटनं सोडताना पिल्लांच्या कवचाखाली हवा अडकून ती वर तरंगताहेत?

नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घालून बघू, की सरळ डिस्टिल्ड पाण्यात क्षार मिसळून माध्यम बनवू? गाइड म्हणतात, "पुन्हा कर." सबमिशनला तीन आठवडे उरलेत.