मदत हवी आहे: फायरफॉक्सची दोन प्रोफाइल दोन वेगळ्या डेस्कटॉपवर कशी उघडायची?

नमस्कार मंडळी, मी लिनक्सवर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप वापरतोय, एक्स११ वर (म्हणजे स्क्रीनवर विंडो दाखवणारी जुनी यंत्रणा). फायरफॉक्सची दोन प्रोफाइल केलीयेत, एक ऑफिसचं एक घरचं, कारण मागे एकदा घरच्या मेलवरून क्लायंटला फाइल गेली होती आणि तेव्हापासून मी या बाबतीत फार जपतो. आता लॉगिन केलं की ऑफिसचं व्हर्च्युअल डेस्कटॉप १ वर आणि घरचं २ वर आपोआप उघडायला हवंय. टर्मिनलमधून कॅपिटल पी आणि पुढे प्रोफाइलचं नाव दिलं की हवं ते उघडतं, तेवढं जमलंय. पण विंडो रूल (कोणती विंडो कुठे उघडायची हे ठरवणारा प्लाझ्माचा नियम) लावला की दोन्ही एकाच डेस्कटॉपवर जातात, दोन्हीचा विंडो क्लास, म्हणजे विंडो कोणत्या प्रोग्रॅमची हे सांगणारं नाव, सारखाच ना! टायटलवरून ओळखायचं तर ते टॅब बदलला की बदलतं. सुरू करतानाच क्लासचा ऑप्शन देऊन वेगळी नावं देता येतात म्हणे, कोणी रोज तसं वापरतंय का? आणि उद्या वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी यंत्रणा) गेलो तर काय करायचं? कंटेनर टॅब नकोत प्लीज, त्यात कुकीज वेगळ्या राहतात पण बुकमार्क आणि हिस्टरी एकच. कोणाकडे चालणारी कमांड असेल तर जशीच्या तशी टाका, खूप मदत होईल.