क्रायस्लर एलएच गाड्यांचं इंजिन लांबीत का? मूळ रेनॉचं, हे खरं का?

वाटसरू_मिशिगन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००२ची क्रायस्लर ३००एम आहे, ३.५ लिटर व्ही६. शेजारच्या आजोबांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा त्यांच्याकडून घेतली. परवा पहिल्यांदाच निवांत बॉनेट उघडून बघत बसलो आणि चक्रावलो. पट्टे आणि पुली पुढे रेडिएटरच्या बाजूला, इंजिन आडवं नाही तर गाडीच्या लांबीत, गिअरबॉक्स मागे आत गेलेला. कुणीही म्हणेल ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी. पण चालते पुढच्या चाकांवर!

ऑफिसात विचारलं तर एक म्हणाले, ही मुळात रेनॉ या फ्रेंच कंपनीचीच गाडी, क्रायस्लरने फक्त नाव लावलं. दुसऱ्यांचं म्हणणं, पुढेमागे मागची चाकं फिरवता यावीत म्हणून तशी सोय करून ठेवली होती. यातलं खरं काय? आणि एलएच हे क्रायस्लरने या सांगाड्याला दिलेलं नाव, तर त्यावरच्या इंट्रेपिड, कॉनकॉर्ड, व्हिजन या सगळ्या आतून एकच का?

ब्रॅम्प्टनकर

तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. मी बावीस वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचं काम करतो आणि कॅनडात आल्यावर घेतलेली पहिली गाडी १९९४ची इंट्रेपिड होती, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

१९८७ साली क्रायस्लरने जीप बनवणारी अमेरिकन मोटर्स ही कंपनी विकत घेतली. तिच्यात रेनॉचा मोठा वाटा होता. क्रायस्लरला हवी होती जीप. पण जीपबरोबर आणखी दोन गोष्टी पदरात पडल्या. पहिली, इथला ब्रॅम्प्टनमधला ब्रॅमलीचा कोरा करकरीत कारखाना. दुसरी, त्या कारखान्यात बनणारी ईगल प्रीमिअर. बाहेरचा आकार इटालियन डिझायनर जुजारोचा, आतली यंत्रणा बरीचशी रेनॉ २५च्या घरातली, इंजिन लांबीत आणि ओढ पुढच्या चाकांना. गाडी चांगली होती, खपली नाही. तिचंच भावंड म्हणून डॉज मोनॅको काढून पाहिली, तीही चालली नाही.

क्रायस्लरची स्वतःची अवस्था तेव्हा अशी की १९८१च्या के-कारने कंपनी वाचवली खरी, पण पुढची दहा वर्षं तोच सांगाडा ताणून, फुगवून, वर लेदर चढवून सगळं चालू होतं. मोठी न्यूयॉर्करसुद्धा त्याच वंशातली. १९९१ साली कंपनीचा तोटा होता सुमारे ७९.५ कोटी डॉलर. एलएच म्हणजे 'लास्ट होप', शेवटची आशा, असं लोक बोलायला लागले ते याच काळात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा माणूस: फ्रांस्वा कास्तँ. रेनॉच्या रेसिंग विभागातून आलेला. १९७८ला ले मान्स जिंकणाऱ्या रेनॉच्या चमूतला. तो अमेरिकन मोटर्समध्ये आला आणि खरेदीनंतर क्रायस्लरच्या गाड्यांच्या इंजिनीअरिंगचा प्रमुख झाला. अमेरिकन मोटर्सकडे पैसा कमी, माणसं कमी, त्यामुळे तिथे सगळे एकाच खोलीत बसून काम करायचे. कास्तँने तीच पद्धत इथे आणली. डिझाइनवाला, इंजिनीअर, सुटे भाग खरेदी करणारा, कारखान्यातला आणि हिशेबाचा माणूस, सगळे एकाच गाडीसाठी एकत्र. त्याआधी कागद एका विभागातून दुसऱ्यात फिरत राहायचे. या पद्धतीची पहिली मोठी कसोटी म्हणजे एलएच. साधारण सव्वातीन वर्षांत गाडी तयार झाली. रेनॉकडून काय आलं असं मला कुणी विचारलं तर मी आधी ही पद्धत सांगेन, इंजिन लांबीत बसवणं त्यानंतर.

मांडणी मात्र प्रीमिअरवरून घेतली हे खरं. पण लोखंड क्रायस्लरचं. एलएचचा गिअरबॉक्स, ४२एलई, हा क्रायस्लरच्याच १९८९च्या इलेक्ट्रॉनिक चार गिअरवाल्या बॉक्सचा भाऊ. तो आडव्या इंजिनासाठी केलेला होता, तो लांबीत कसा बसवायचा हा प्रश्न होता. त्यांनी काय केलं, ते मी हातात धरून पाहिलंय. बॉक्सच्या मागच्या टोकाचं झाकण काढलं की आत एक रुंद साखळी दिसते. सायकलच्या साखळीसारखी रोलरची नाही, पातळ पट्ट्या एकाला एक खेटून बसवलेली, तेलाने काळी, अंगठ्याने दाबली तर एकाच बाजूला वळते. इंजिनाची ताकद गिअरमधून मागे येते, या साखळीवरून बाजूच्या शाफ्टवर जाते, आणि तो शाफ्ट ती पुन्हा पुढे डिफरन्शियलकडे, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरकडे, आणतो. म्हणजे ताकद मागे जाऊन परत पुढे येते! ओल्ड्समोबिल टोरोनाडोने १९६६लाच साखळी वापरली होती, पण तिच्यात ती टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि गिअर यांच्या मधे होती. इथे गिअरच्या नंतर.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. या एकाच बॉक्समध्ये दोन वेगळे कप्पे आहेत. गिअरकडे ऑटोमॅटिकचं पातळ तेल, डिफरन्शियलकडे जाड गिअर ऑइल. तेल बदलणाऱ्याला हे आधी सांगा. कित्येकांना दुसरा कप्पा असतो हेच ठाऊक नसतं.

एवढा खटाटोप का? इंजिन लांबीत असलं की डावा-उजवा अॅक्सल शाफ्ट जवळपास सारख्या लांबीचे ठेवता येतात, मग जोरात अॅक्सलरेटर दाबला तरी स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जात नाही. दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहते, त्यामुळे चाकं जास्त वळतात. एवढ्या लांब गाडीला वळवायला ते फार उपयोगी. आणि स्पार्क प्लग! आडव्या व्ही६मध्ये मागचे तीन केबिनच्या पत्र्याला टेकलेले असतात. माझ्या इंट्रेपिडचे तीन डावीकडे, तीन उजवीकडे, उभ्या उभ्या हात पोचायचा.

तोटा एकच, पण मोठा: लांबी. इंजिन आणि मागे गिअरबॉक्स, म्हणजे नाक लांबलचक व्हायला हवं. ते झालं नाही, कारण पुढची काच पार पुढे ओढून इंजिनाचा मागचा भाग तिच्या पायथ्याखाली घातला. चाकं चार कोपऱ्यांत ढकलली. चाकांमधलं अंतर ११३ इंच. हेच ते 'कॅब फॉरवर्ड'. कल्पना १९८७च्या लँबर्गिनी पोर्टोफिनो या प्रदर्शनातल्या गाडीत आधी दिसली होती, लँबर्गिनी तेव्हा क्रायस्लरकडेच होती. माझ्या गाडीत मागे बसलेला उंच माणूस पायावर पाय टाकून बसायचा. हिवाळ्यात काचेचा तो लांबचा कोपरा आतून पुसायला मात्र अंग पसरावं लागायचं.

आणि हो, आतून एकच. १९९३ मॉडेलला डॉज इंट्रेपिड, क्रायस्लर कॉनकॉर्ड, ईगल व्हिजन. १९९४ला न्यूयॉर्कर आणि एलएचएस, चाकांमधलं अंतर तेच पण एकूण पाचएक इंच लांब. इंजिनं ३.३ लिटर १५३ अश्वशक्ती, किंवा ३.५ लिटर २१४.

मंजिरी_डिअरबॉर्न

दादा, माहिती छान, पण एक शंका. एकाच सांगाड्यावर तीन ब्रँडच्या मोठ्या गाड्या हे जनरल मोटर्सने आधीच केलं होतं ना? एच-बॉडी. ब्युइक लसेबर आणि ओल्ड्स ८८ १९८६ला, पाँटिअॅक बॉनव्हिल १९८७ला. इंजिन सरळ आडवं, साखळीची भानगड नाही. त्यांच्या ३.८ लिटरच्या '३८००' व्ही६ इंजिनावर लोकांनी किती मैल काढले! मग कौतुक एलएचचंच का?

ब्रॅम्प्टनकर

मंजिरीताई, ३८०० इंजिनापुढे मीही हात जोडतो. टिकाऊपणावर मोजलं तर लसेबर पुढे जाईल. एलएचमध्ये नंतर आलेलं २.७ लिटर इंजिन तेलात गाळ साठण्यासाठी बदनाम झालं, आणि त्याचा पाण्याचा पंप टायमिंग चेनवर, इंजिनाच्या आतच. पंप गळला की पाणी तेलात जाऊ शकतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण १९८६च्या लसेबरमध्ये जुनीच मोठी गाडी छोटी करून पुढच्या चाकांवर आणली होती. बसणारा माणूस होता तिथेच. एलएचने आधी माणसं कुठे बसतील ते ठरवलं आणि यंत्र त्यांच्याभोवती रचलं. मला ती हिंमत आवडते. तीही खिशात दमडी नसताना केलेली.

वाटसरू_मिशिगन

मनापासून धन्यवाद. मागच्या चाकांचं काय पण? आणि माझी ३००एम या सगळ्यात कुठे बसते?

ब्रॅम्प्टनकर

ते राहिलंच. अशा मांडणीत मागे शाफ्ट काढता आला असता, म्हणून तुमच्या सहकाऱ्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पण विकलेली एकही एलएच मागच्या चाकांवर चालली नाही. हाच गिअरबॉक्स मात्र चालला! प्लिमथ प्राउलर आठवते का, ती उघड्या चाकांची? तिच्यात एलएचचं ३.५ इंजिन पुढे आणि या बॉक्सपासून केलेला ट्रान्सअॅक्सल मागे, मागच्या चाकांपाशी.

तुमची गाडी दुसऱ्या पिढीची. १९९८ मॉडेलला नवी इंट्रेपिड आणि कॉनकॉर्ड, १९९९ला एलएचएस आणि ३००एम. ३००एम खरं तर पुढची ईगल व्हिजन व्हायची होती, पण ईगल ब्रँडच बंद झाला. युरोपातही विकायची म्हणून तिची लांबी पाच मीटरच्या आसपास आणली, शेपूट बघा कसं आखूड आहे. ३.५चं नवं अॅल्युमिनिअमचं इंजिन, २५३ अश्वशक्ती. १९९९ची मोटर ट्रेंड कार ऑफ द इयर हीच.

२००४ला एलएच संपली. २००५ मॉडेलची ३०० आली ती मागच्या चाकांची, आणि बनली इथेच, त्याच ब्रॅमलीच्या कारखान्यात.

टायमिंग बेल्ट कधी बदललाय याची पावती त्या आजोबांकडे असेल तर मागून घ्या. नसेल तर बदलून टाका, आणि त्याच वेळी पाण्याचा पंपही, कारण तुमच्या ३.५मध्ये पंप त्याच बेल्टवर फिरतो. डिफरन्शियलचं तेल काढाल तेव्हा ते कोणत्या रंगाचं निघालं ते इथे लिहा.